जबड्यातील न दुखणारी गाठ

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात ठाणे येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनात आरोग्याविषयी काही बोलावे, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी मला केली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांविषयी आपण दरवर्षी काही ना काही ऐकतोच. दातांचा डॉक्टर बोलावयास उभा राहिला म्हणजे तो दात कसे घासावेत हेच सांगणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि भोजनाची वेळ जवळ आलेली असताना तो विषय कोणालाच रुचत नाही. म्हणून आज मी दातांविषयी न बोलता दात ज्यात रोवलेले असतात त्या जबड्याविषयी, आणि त्या जबड्यात हळूहळू वाढणाऱ्या सौम्य गाठींविषयी बोलणार आहे. या गाठी फार मोठ्या प्रमाणावर आढळतात असे नाही. परंतु ज्या घरी ती आढळते त्या घरी तिच्याविषयी दोनच भावना दिसतात: एक बेफिकिरी आणि दुसरी भीती. या दोहोंमुळे रुग्णाचे सारखेच नुकसान होते, आणि ते टाळणे घरच्या माणसांच्या हाती आहे, हे आपणांस पटवून द्यावे एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम नेहमी घडणारा प्रकार पाहू. कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा एका बाजूचा गाल किंचित भरल्यासारखा दिसू लागतो. आजी म्हणते, गालगुंड असेल. गेरूचा किंवा हळदीचा लेप होतो. काही दिवसांनी थोडे ठणकते, तेव्हा शेजारच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या जातात. पाच दिवसांत ठणका थांबतो, सूजही थोडी उतरते आणि सर्वांच्या जिवात जीव येतो. वस्तुतः गोळ्यांनी फक्त वरचा जंतुसंसर्ग शमलेला असतो. आतली पिशवी होती तशीच राहते आणि वाढत जाते. पुढे वर्ष, दोन वर्षे कोणी तिकडे पाहत नाही, कारण दुखत नाही. आणि हाच प्रकार लग्नाच्या वयाच्या मुलीचा असला, तर घरात आणखी एक वाक्य ऐकू येते: "आत्ता कोठे बोलू नका, एकदा कार्य उरकू द्या, मग पाहू." या वाक्यापायी जबड्याचे किती हाड झिजते, ते मी पुढे सांगणार आहे.

अशा गाठी जबड्यातच का होतात, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. माणसाला दुधाचे वीस आणि कायमचे बत्तीस असे बावन्न दात येतात. त्या प्रत्येकाचा अंकुर जबड्याच्या हाडाच्या आत तयार होतो. दुधाच्या दातांचे अंकुर तर मूल आईच्या पोटात असतानाच घडू लागतात. दात घडवून झाला म्हणजे तो घडविणाऱ्या पेशींचे काम संपते. परंतु त्यांतील काही पेशींचे लहान लहान पुंजके हाडात आणि हिरडीत जन्मभर पडून राहतात. घर बांधून झाल्यावर गवंडी निघून जातात, पण थोडी वाळू आणि चुना अंगणात राहून जातो, तसेच हे. बहुतेक माणसांत हे पुंजके निपचित पडलेले असतात. क्वचित एखाद्या ठिकाणी ते पुन्हा वाढीस लागतात आणि त्यांतून द्रवाने भरलेली पिशवी किंवा अर्बुद निर्माण होते. अशा पिशवीला डॉक्टर सिस्ट म्हणतात. शरीरातील दुसऱ्या कोणत्याही हाडाच्या पोटात असे दात घडविणारे कारागीर राहून गेलेले नसतात. म्हणूनच या जातीच्या गाठी जबड्याचेच वैशिष्ट्य होत.

ही पिशवी वाढते ती सावकाश. आतील द्रवाचा दाब भोवतालच्या हाडावर पडतो आणि हाड आतून झिजत जाते. शरीर आपल्या परीने बाहेरच्या बाजूस हाडाचा नवा थर चढवीत राहते, म्हणून जबडा फुगलेला दिसतो. शेवटी तो थर इतका पातळ होतो, की बोटाने दाबताच पापडासारखा करकरतो. आणि तोही झिजला म्हणजे बोटाला आतील द्रवाचा मऊपणा जाणवतो. हे सारे महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने घडत असल्यामुळे खालच्या जबड्यातून जाणारी ओठाची संवेदना-नस हळूहळू बाजूला सरते, पण ठणकत नाही. वेदना ही घराचा पहारेकरी आहे असे आपण समजतो. या आजारात तो पहारेकरी झोपलेला असतो, हे पक्के ध्यानात ठेवावे.

आता "सौम्य" या शब्दाविषयी. डॉक्टरांनी "गाठ सौम्य आहे, कर्करोग नाही" असे सांगितले, की मंडळी पेढे वाटावयास निघतात. आनंद योग्यच आहे. तथापि वैद्यकशास्त्रात सौम्य याचा अर्थ एवढाच, की ती गाठ फुप्फुस, यकृत अशा दूरच्या अवयवांत पसरत नाही. ती जेथे आहे तेथे नुकसान करीत नाही असा त्याचा अर्थ नव्हे. सौम्य गाठही जबड्याचे अर्धे हाड खाऊ शकते, दात हलवू शकते, चेहरा बिघडवू शकते. आणि हाड फार पातळ झाले असता साध्या धक्क्यानेही जबडा मोडू शकतो.

या गाठींचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांतील पाचच आपणांस ठाऊक असावेत.

पहिला आणि सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे मेलेल्या दाताच्या मुळाशी होणारी सिस्ट. किडीने किंवा लहानपणी पडल्याझडल्याने दाताची आतील नस मरते. दात काळसर दिसू लागतो, पण दुखेनासा होतो. त्याच्या मुळाच्या टोकाशी वर्षानुवर्षे दाह चालू राहतो आणि तेथे पिशवी धरते. दुखायचा थांबलेला दात बरा झाला असे समजू नये. तो मेला असेल.

दुसरा प्रकार न उगवलेल्या दाताच्या माथ्याभोवती होतो. खालची अक्कलदाढ आणि वरचा सुळा हे दोन दात हाडात अडकून राहण्याचा संभव अधिक, म्हणून ही सिस्टही तेथेच अधिक. येथे आईबापांना एक सोपी खूण सांगतो. मुलाचा एका बाजूचा कायमचा दात आला आणि त्याच्या जोडीचा दुसऱ्या बाजूचा दात सहा महिने उलटूनही आला नाही, तर दंतवैद्याला दाखवावे. "येईल सावकाश" असे म्हणून वर्षे घालवू नयेत.

तिसऱ्या प्रकाराचे नाव केरॅटोसिस्ट. फिलिप्सेन या शास्त्रज्ञाने १९५६ साली तिला हे नाव दिले. ही मोठी लबाड. ती जबडा बाहेर फुगवीत नाही. हाडाच्या पोकळीतून लांबीच्या दिशेने सरकत जाते, त्यामुळे चेहऱ्यावर काही दिसू लागण्यापूर्वीच पुष्कळ दूर पोहोचलेली असते. तिचे अस्तर ओल्या कागदासारखे पातळ असून काढताना फाटते, आणि मागे राहिलेल्या तुकड्यातून ती पुन्हा उगवते. तिच्या या स्वभावामुळे तज्ज्ञांतही मतभेद झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २००५ साली तिची गणना अर्बुदांत केली गेली आणि २०१७ साली ती पुन्हा सिस्टच्या वर्गात आली. नाव बदलले तरी तिचा स्वभाव बदललेला नाही, आणि रुग्णाने लक्षात ठेवावयाचे ते एवढेच.

चौथा प्रकार ॲमिलोब्लास्टोमा. दातावरील चकचकीत कठीण कवच, ज्याला आपण दंतवल्क म्हणतो, ते घडविणाऱ्या पेशींशी नाते सांगणारे हे अर्बुद. ते बहुधा खालच्या जबड्याच्या मागील भागात, अक्कलदाढेच्या आसपास होते आणि क्ष-किरण चित्रात पुष्कळदा साबणाच्या फेसातील बुडबुड्यांसारखे दिसते. जबड्याच्या सौम्य अर्बुदांत सर्वांत दक्षतेने हाताळावे लागते ते हे. याचे कारण उपचारांच्या संदर्भात सांगेन.

पाचवा प्रकार ओडोंटोमा. यात पेशी नुसती पिशवी न करता वेड्यावाकड्या रीतीने दातच घडवीत सुटतात. याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील आहे. जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात बुलढाणा जिल्ह्यातील एका सतरा वर्षांच्या मुलाच्या खालच्या जबड्यातून तब्बल २३२ लहानमोठे दात काढण्यात आले. शस्त्रक्रिया सुमारे सात तास चालली आणि गाठीचा कठीण भाग फोडण्यासाठी छिन्नी व हातोडीही वापरावी लागली. ही वार्ता जगभर छापली गेली. लोकांनी २३२ या आकड्याचे आश्चर्य केले. परंतु मला त्या वार्तेतील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या मुलाला सुमारे दीड वर्ष त्रास होता. गावाकडे रोग कोणास उमगला नव्हता. आणि हा कर्करोग तर नसेल, या धास्तीने वडील त्याला मुंबईस घेऊन आले. म्हणजे त्या पित्याची भीती चुकीची ठरली, पण त्याची कृती अगदी योग्य ठरली. भीती वाटली म्हणून तो घरी बसला नाही, तपासणीस गेला. पुढे २०१९ साली चेन्नईच्या एका दंतमहाविद्यालयात सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ दात निघाले. त्याची सूज तो तीन वर्षांचा असतानाच आईबापांच्या नजरेस आली होती.

आता निदानाकडे वळू. गालावर सूज घेऊन आलेल्या रुग्णाची परीक्षा कशी होते, हे घरच्यांस ठाऊक असले म्हणजे निम्मी भीती नाहीशी होते.

डॉक्टर प्रथम विचारतात: सूज केव्हापासून, वाढ भरभर की सावकाश, ओठ बधिर होतो काय, दात हलू लागले आहेत काय. मग बोटांनी हाड चाचपून पाहतात. त्यानंतर त्या भागातील दातांना थंड वस्तू लावून ते जिवंत आहेत की मेलेले हे पाहतात. ही परीक्षा अगदी साधी, पण तिचे मोल मोठे आहे. दात मेलेला असेल तर पहिल्या प्रकारची सिस्ट असण्याचा संभव अधिक. आणि ती लहान असेल तर पुष्कळदा रूट कॅनालचा उपचार नीट झाल्यावर शस्त्रक्रियेवाचूनही भरून येते. सगळे दात जिवंत असतील तर शोध दुसऱ्या दिशेने करावा लागतो.

त्यानंतर क्ष-किरण चित्र. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले, तेव्हापासून हाडाच्या आत डोकावण्याची खिडकी आपणांस लाभली आहे. एका दाताचे लहान चित्र येथे पुरत नाही. दोन्ही जबडे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एकाच पट्टीवर दाखविणारे जे चित्र असते, त्याला ओ.पी.जी. म्हणतात. ते काही सेकंदांत निघते, तोंडात काही घालावे लागत नाही आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे ते सहज काढून मिळते. गाठ मोठी असेल तर सी.टी. स्कॅन करून हाडाची कोणती भिंत शाबूत आहे आणि कोणती झिजली हे पाहतात.

परंतु चित्र म्हणजे निदान नव्हे. केरॅटोसिस्ट, ॲमिलोब्लास्टोमा आणि न उगवलेल्या दाताची सिस्ट या तिन्हींची सावली पुष्कळदा सारखीच दिसते. मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथीच्या विकारातही जबड्यात अशाच काळ्या पोकळ्या दिसतात, आणि तेथे इलाज जबड्याचा नसून ग्रंथीचा करावा लागतो. म्हणून कधी कधी रक्तातील कॅल्शियमही तपासतात. पुढची पायरी म्हणजे सुईने आतील द्रव ओढून पाहणे. तो गवती पिवळ्या रंगाचा निघाला तर साधी सिस्ट असावी. पांढरा, दाट, चक्क्यासारखा निघाला तर केरॅटोसिस्टची शंका घ्यावी. आणि सुईत नुसते रक्तच भरभर येऊ लागले तर सर्जन तेथेच थांबतो, कारण ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते आणि तिला चीर देणे धोक्याचे ठरते.

सर्वांत शेवटी बायॉप्सी. गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, एवढाच तिचा अर्थ. "सुरी लागली की गाठ चिघळते" अशी एक समजूत आपल्या घरांतून खोलवर रुजलेली आहे. ती चुकीची आहे. तुकडा काढल्याने सौम्य गाठीचा कर्करोग होत नाही. उलट तुकडा न तपासता मोठी शस्त्रक्रिया करणे म्हणजे पत्ता न विचारता प्रवासास निघणे होय. तसेच, शस्त्रक्रियेत जे काही निघाले ते सर्व प्रयोगशाळेत गेलेच पाहिजे, असा आग्रह नातेवाइकांनी धरावा. साध्या वाटणाऱ्या सिस्टच्या भिंतीत ॲमिलोब्लास्टोमा लपलेला आढळतो, आणि क्वचित कर्करोगही.

येथेच धोक्याच्या खुणाही सांगून टाकतो. ओठ किंवा हनुवटी बधिर होणे, गाठ आठवड्या-आठवड्याने वाढणे, तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत न भरणे, कारणावाचून दात हलणे, तोंड उघडेनासे होणे, यांपैकी काही दिसले तर एक दिवसही थांबू नये. तंबाखू, मावा आणि गुटखा यांनी होणारा तोंडाचा कर्करोग आपल्या भागात पुष्कळ आढळतो. आज मी ज्या गाठींविषयी बोलत आहे त्या तंबाखूने होत नाहीत. निर्व्यसनी मुलामुलींनाही होतात. म्हणून रुग्णाला दोष देऊ नये, आणि निर्व्यसनी आहे म्हणून निर्धास्तही राहू नये.

आता उपचार. त्यांचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, पिशवी अस्तरासह सबंध सोलून काढणे. लहान आणि मध्यम सिस्टसाठी हाच उत्तम. राहिलेल्या पोकळीत रक्त साकळते आणि काही महिन्यांत तेथे नवे हाड भरते. केरॅटोसिस्ट असेल तर नुसते सोलणे पुरत नाही. भोवतालचे हाड थोडे घासून घेतात किंवा उरलेल्या पेशी मारणारे औषध त्या पोकळीत काही मिनिटे लावतात.

दुसरा मार्ग मोठा युक्तीचा आहे आणि बराच जुना. जर्मनीतील पार्त्श या सर्जनने १८९२ साली तो वर्णन केला. यात पिशवी न काढता तिला तोंडात उघडणारी एक खिडकी करतात. दाब गेला, की पिशवीची वाढ थांबते आणि भोवतालचे हाड आत सरकू लागते. रुग्णाने घरी रोज ती पोकळी पिचकारीने मिठाच्या पाण्याने धुवावयाची असते. काही महिन्यांत मोठी पोकळी लहान होते. मग उरलेली पिशवी काढणे सोपे जाते. लहान मुलांत हा मार्ग विशेष उपयोगी, कारण त्यात कायमच्या दातांचे अंकुर आणि ओठाची नस वाचते. परंतु रोजचे धुणे जर घरच्यांनी कंटाळून सोडले, तर सर्व श्रम वाया जातात. ही शस्त्रक्रिया अर्धी डॉक्टरची आणि अर्धी आईची आहे.

तिसरा मार्ग, गाठीसह जबड्याचा तो भाग काढून टाकणे. तो मुख्यतः ॲमिलोब्लास्टोमासाठी आहे. तो सुचविला, की घरात रडारड सुरू होते; "नुसते खरवडून नाही का चालणार?" असे हमखास विचारले जाते. याचे उत्तर नीट समजून घ्यावे. एकाच पिशवीचा, अस्तरापुरता मर्यादित असलेला ॲमिलोब्लास्टोमा काही वेळा लहान शस्त्रक्रियेने आवरतो. परंतु नेहमीच्या प्रकारात अर्बुदाच्या पेशी चांगल्या दिसणाऱ्या हाडातही शिरलेल्या असतात. शेतातील हरळी वरून उपटली तरी मुळी राहतात आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतात, तशीच ही गाठ खरवडल्यानंतर पुन्हा उगवते, आणि दुसऱ्या खेपेस अधिक हाड न्यावे लागते. म्हणून कडेचे एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाडही काढावे, असा सर्वसाधारण नियम आहे. पहिल्या शस्त्रक्रियेत दाखविलेली काटकसर पुढे महाग पडते.

काढलेल्या हाडाची भरपाईही आज होऊ शकते. पायाच्या पोटरीत मुख्य हाडाशेजारी फिब्युला नावाचे एक बारीक हाड असते. त्याचा मधला भाग काढला तरी माणूस चालू-फिरू शकतो. ते हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून जबड्यात बसवितात आणि त्या रक्तवाहिन्या मानेतील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. अशा रीतीने हे हाड नेण्याची शस्त्रक्रिया ऑस्ट्रेलियात टेलर यांनी १९७५ साली वर्णन केली आणि अमेरिकेत हिडाल्गो यांनी १९८९ साली ती जबड्यासाठी वापरून दाखविली. पुढे त्या हाडात दातही बसविता येतात. तेव्हा जबड्याचा भाग काढणे म्हणजे चेहरा कायमचा गमावणे, ही समजूत आता टाकून द्यावी. २०१४ साली असेही आढळून आले, की खालच्या जबड्याच्या पुष्कळ ॲमिलोब्लास्टोमांत बी-रॅफ नावाच्या जनुकात एक ठराविक बिघाड असतो. त्यावर गोळ्यांनी इलाज करण्याचे प्रयत्न निवडक रुग्णांत झाले आहेत. परंतु आजही मुख्य उपचार शस्त्रक्रियाच आहे. गोळ्यांची वाट पाहत कोणी घरी बसू नये.

आता मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. शस्त्रक्रिया झाली, टाके सुटले, चेहरा पूर्ववत झाला. आणि रुग्ण पुन्हा डॉक्टरकडे फिरकला नाही. केरॅटोसिस्ट आणि ॲमिलोब्लास्टोमा यांचे पुन्हा उगवणे बहुधा पहिल्या पाच वर्षांत दिसते. परंतु दहा वर्षांनंतरही ते आढळले आहे. पुन्हा उगवलेली गाठ लहान असताना सापडली तर थोडक्यात भागते. ती सापडावयाची तर दुखत नसतानाही जाऊन चित्र काढले पाहिजे: पहिली पाच वर्षे दरवर्षी, आणि पुढे सर्जन सांगतील त्या अंतराने.

हे का घडत नाही, याचा विचार आपण आपल्याच घरांकडे पाहून करावा. आपली कुटुंबे चेंदणी-नौपाड्यातून डोंबिवलीस गेली, डोंबिवलीहून बदलापुरास गेली. मुली सासरी जातात, मुले पुण्यास आणि परदेशी जातात. पत्ता बदलतो, डॉक्टर बदलतो आणि कागद माळ्यावर राहतात. म्हणून माझी विनंती आहे, की शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची चित्रे, बायॉप्सीचा अहवाल आणि शस्त्रक्रियेची टिपणे एका पिशवीत घालून ती जन्मपत्रिकेसारखी जपावी. मुलगी सासरी जाईल तेव्हा पत्रिका आता कोणी मागणार नाही, परंतु ही पिशवी तिच्या सामानात गेलीच पाहिजे.

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर स्पष्टच बोलतो. या गाठी संसर्गाने होत नाहीत. बहुसंख्य रुग्णांत त्या आनुवंशिकही नसतात, आणि अमुक ज्ञातीत किंवा नात्यात लग्न केल्याने होतात असेही नाही. याला एक अपवाद आहे. तरुण वयात एकाच माणसाला अनेक केरॅटोसिस्ट होणे, तळहातावर बारीक खळगे असणे, बरगड्यांत वेगळेपणा असणे, अशी लक्षणे एकत्र दिसली तर तो गॉर्लिन आणि गोल्ट्झ यांनी १९६० साली वर्णन केलेला विकार असू शकतो. तो आईबापांपैकी एकाकडून मुलाकडे येण्याचा संभव निम्मा असतो. अशा घरी भावंडांचीही तपासणी करावी आणि त्वचेकडेही लक्ष ठेवावे. पण साधी सिस्ट काढलेल्या मुलीच्या स्थळाला तेवढ्यावरून नकार देणे हे अज्ञान होय. आणि त्या नकाराच्या भयाने मुलीची गाठ वाढू देणे हा तिच्यावर अन्याय होय. झाकलेली सूज लग्नाच्या फोटोत दिसत नसेल, परंतु हाडातील पोकळी आपल्या गतीने वाढतच असते. सहा महिन्यांपूर्वी जेथे पिशवी सोलून भागले असते, तेथे दोन वर्षांनी जबड्याचा तुकडा काढावा लागतो. वरपक्षाच्या मंडळींनीही एवढे मनाशी धरावे, की ज्या घराने आजार उघड सांगितला आणि कागद पुढे ठेवले, ते घर सोयरीक जोडण्यास अधिक योग्य आहे.

आणखी एक अडचण पैशाची आणि अंतराची सांगितली जाते. १८५३ साली देशातील पहिली उतारूंची आगगाडी बोरीबंदराहून निघाली ती याच आपल्या ठाण्यास आली. आज त्याच मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरले, की लगतच सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंतमहाविद्यालय आहे. दादरला गाडी बदलली तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर रुग्णालय दंतमहाविद्यालय आहे. ते १९३३ पासूनचे. ठाण्याहून नवी मुंबईच्या गाडीने नेरूळला गेले तर तेथेही दंतमहाविद्यालये आहेत. या ठिकाणी जबड्याचे सर्जन, क्ष-किरण विभाग आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे रोगतज्ज्ञ एकाच छपराखाली मिळतात. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो काय, याची चौकशी योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे आधीच करावी.

शेवटी मंडळाला एक सूचना करतो. आपण गुणी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतो, वधू-वरांची नोंदवही ठेवतो. ही कामे भूषणावह आहेत. त्यांच्या जोडीस आणखी दोन लहान कामे करावीत. एक, ज्ञातीतील गरजू कुटुंबातील मुलाच्या जबड्यावर सूज दिसली तर पहिल्या ओ.पी.जी.चा आणि बायॉप्सीचा खर्च मंडळाने उचलावा. मोठ्या शस्त्रक्रियेला मदत देणारे पुष्कळ भेटतात; पहिल्या तपासणीला, जेव्हा रोग लहान असतो तेव्हा, कोणी भेटत नाही. दोन, ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे आणि ज्यांची संमती आहे, त्यांना वर्षातून एकदा तपासणीची आठवण देणारे पत्र मंडळाने पाठवावे. ही यादी गुप्त राहावी आणि वधू-वरांच्या नोंदवहीशी तिचा संबंध नसावा. कुटुंबाचा पत्ता बदलला तरी तो मंडळाला कळतो, रुग्णालयाला कळत नाही. म्हणून हे काम मंडळच करू शकेल.

बंधुभगिनींनो, आज घरी गेल्यावर आरशापुढे उभे राहून दोन्ही गाल सारखे आहेत ना, हे पाहा. हिरडीवरून स्वच्छ बोट फिरवून पाहा. मुलांचे दात जोडीने आले आहेत ना, हे मोजा. शंका वाटली तर लेप लावू नका आणि घाबरूही नका, चित्र काढा.